डिसेंबरचा ओव्हरटाइम

२ डिसेंबर

हॉस्पिटलातल्या समुपदेशक बाईंनी सांगितलंय की रोज दिवसभरातली एक तरी चांगली गोष्ट लिहून ठेवायची. मी त्यांना म्हटलं, मी लिफ्टचा मेकॅनिक, तपासणी झाली की शेरा लिहायची सवय आहे. पण शेऱ्यात चांगलं काय ते लिहीत नाहीत, बिघडलंय काय ते लिहितात. त्या म्हणाल्या, दोन्ही लिहा. बाई समजूतदार आहेत. वाद घालायला जागाच ठेवत नाहीत.

आजाराचं नाव एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा नको. प्रोस्टेटचा कॅन्सर. गेल्या महिन्यापासून रेडिएशन चालू आहे, तेवीस तारखेला संपेल. रोज दुपारी काम आटोपून जायचं, टेबलावर निजायचं, मशीन भोवती फिरतं, काही दुखत नाही, काही दिसत नाही. मशीनच्या मोटरचा आवाज चांगला आहे. बेअरिंग बदललेली असावीत.

घरात हे फक्त हिला ठाऊक आहे. आईला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. दादा याच रोगाने गेला, त्याला काही वर्षं झाली. आईला त्याचं सांगितलं त्या दिवशी ती खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली ती दादा जाईपर्यंत आणि त्यानंतरचा अख्खा हिवाळा तिथून उठली नाही. जेवण समोर नेऊन ठेवावं लागे. तोंडातून शब्द नाही. आता ऐंशी ओलांडलीय. पुन्हा त्या खुर्चीत बसली तर या खेपेला उठायची नाही. तेव्हा माझं काम दुहेरी आहे: टेबलावर निजायचं आणि घरी काही कळू द्यायचं नाही. आईला सांगितलंय की नाताळच्या दिवसांत दुकानांतल्या लिफ्टवर फार ताण येतो, म्हणून रोज ओव्हरटाइम.

आजची चांगली गोष्ट: आईने विश्वास ठेवला.

३ डिसेंबर

समुपदेशक बाईंना सांगण्यासारखी नाही, पण खरी चांगली गोष्ट लिहितो. रेडिएशनच्या आधी ब्लॅडर पूर्ण भरलेली लागते, म्हणजे आतले बाकीचे अवयव बाजूला सरकतात. त्यासाठी ठरलेल्या वेळी तीन ग्लास पाणी प्यायचं आणि मग धरून बसायचं. बाहेरच्या बाकांवर आम्ही सगळे पुरुष पाय आवळून एका ओळीत बसलेलो असतो. कोणी कोणाकडे बघत नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त मास्तर असतात, भूगोलाचे. पलीकडे एक न्हावी. न्हाव्याला गप्पांची खोड, आणि नेमक्या त्या वेळी त्याला विनोद आठवतात. मास्तर त्याला हात जोडतात. म्हणतात, बाबा रे, बाहेर गेल्यावर सांग, हसलो तर सगळं परत पहिल्यापासून.

टेबलावरून उठून मोकळं व्हायला जातो, त्या सुखाला तोड नाही. साठीला टेकलो, पण इतकं साधं सुख फुकटात मिळतं हे कधी ध्यानात आलं नव्हतं. तिथून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा दिवाळखोरीतून सुटल्यासारखा असतो.

५ डिसेंबर

कंपनीच्या साहेबांनी मला कामावर ठेवलंय पण शिडी चढायची नाही असं बजावलंय. म्हणून वर्कशॉपच्या मागच्या खोलीत सुटे भाग निवडत बसतो. जुन्या लिफ्टची बटणं एका पेटीत गोळा झालीत, आकडे झिजलेले. तळमजल्याचं बटण सगळ्यांत जास्त झिजतं, हे माहीत होतं. पण एका बटणपट्टीवर मधल्याच एका मजल्याचं बटण पार गुळगुळीत झालेलं सापडलं. त्या मजल्यावर कोण राहत असेल याचा विचार करत अर्धा तास गेला. पाठीमागच्या भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जातो, तिथे पाठ टेकवून बसलं की बरं वाटतं. थकवा येतो. दुपारी तीनच्या सुमाराला कोणीतरी मुख्य स्विच बंद करावा तसा.

घरी आईने विचारलं, आज कुठे होतास. मी म्हटलं, नदीकाठच्या मोठ्या दुकानात, तिथली मालाची लिफ्ट मधेच अडकते. लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली, आत काय माल होता, सगळं सांगितलं. थापा मारायच्या तर तपशिलासकट माराव्यात. ही नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, तुम्ही त्या लिफ्टमधे खेळण्यांची खोकी भरलीत, आता उद्या विचारतील तर लक्षात ठेवा. ठेवीन.

८ डिसेंबर

आज धसका बसला. कंबरेवर दोन्ही बाजूंना आणि बेंबीखाली जांभळ्या शाईच्या खुणा केलेल्या आहेत. मशीनच्या लाल रेघा त्या खुणांवर जुळवतात. खुणा पुसायच्या नाहीत, म्हणून तिथे साबण लावायचा नाही. पण ती शाई बनियनला आणि पायजम्याच्या पट्ट्याला लागते. आजवर मी ते कपडे लपवून ठेवत होतो आणि संधी मिळाली की ही धुऊन टाकत होती. काल रात्री विसरलो आणि बनियन सरळ धुण्याच्या बादलीत गेलं. धुणं आईच्या ताब्यात. आयुष्यभर तिने एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात नोकरी केली, अजून दुसऱ्या कोणाचं धुणं तिला पटत नाही. सूनबाईंनी पिळलेला कपडा ती परत पिळते.

सकाळी अंथरुणातच आठवलं. धावत गच्चीत गेलो तर बनियन दोरीवर वाळत होतं. पांढरंशुभ्र. डागाचा मागमूस नाही. जीव भांड्यात पडला. शाई हलक्या दर्जाची असणार, साध्या पाण्यानेच निघून जात असणार. हिला सांगितलं तर ही म्हणाली, मी घासून घासून दमले होते, माझ्याच्याने नव्हती निघत, उन्हात वाळल्यावरच जायची. प्रत्येकाच्या हाताचा फरक.

आईने काही विचारलं नाही. त्या अर्थी तिला दिसलंच नसावं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण वयोमानाने नजर राहत नाही.

१० डिसेंबर

कोबी, वाटाणे, फुलकोबी, पोटात वारा धरणारं काहीही खायचं नाही असं हॉस्पिटलातून सांगितलंय. आजवर ताटातलं बाजूला सारून वेळ मारून नेत होतो. आज आईने आपण होऊन जाहीर केलं की कोबी आणि वाटाणे तिला हल्ली सोसत नाहीत, तेव्हा ते घरात आणायचे नाहीत. हिने लगेच मान डोलावली. आमच्या घरात कोबीवर सगळ्यांत जास्त जीव कोणाचा असेल तर आईचा. वय झालं की आवडी बदलतात. माझ्या पथ्यावर पडलं.

चांगली गोष्ट: नशीब साथ देतंय.

१२ डिसेंबर

न्हाव्याचा आज शेवटचा दिवस होता. आमच्या बाकावर एक रिवाज आहे, कोणी पाडला ठाऊक नाही. ज्याचं संपतं त्याने बाकीच्यांचे पाण्याचे ग्लास भरून द्यायचे. न्हाव्याने भरले, एक थेंब सांडला नाही, आणि जाता जाता मला म्हणाला, केस मागून वाढलेत, दुकानावर या. मास्तर त्याला बराच वेळ हात करत राहिले. मग म्हणाले, गेला, आता शांतता. मग म्हणाले, फारच शांतता.

मास्तरांनी आज विचारलं, तुमच्या घरी काय म्हणतात. मी त्यांना आईचं सांगितलं, की तिला कानोकान खबर नाही. ते म्हणाले, कठीण आहे हो हे. मी म्हटलं, कठीण काही नाही, फक्त तपशील पक्का लागतो.

१४ डिसेंबर

सुट्टी. आईने खोल्यांची अदलाबदल करायला लावली. तिची खोली मोरीला आणि संडासला लागून आहे. तिचं म्हणणं, पाइपांचा आवाज येतो, झोप लागत नाही, मला तुमची खोली द्या. आमच्या खोलीपासून संडास बोळाच्या दुसऱ्या टोकाला, आणि हल्ली मला रात्रीतून कितीदा तरी उठावं लागतं, अंधारात भिंत चाचपत. मी वरवर कुरकूर केली, नाहीतर संशय आला असता. दुपारपर्यंत पलंग सरकवले. आईने बोळात लहान दिवाही लावून घेतला, म्हणे तिला रात्री भीती वाटते. ज्या बाईने धुलाईघरात एकटीने रात्रपाळ्या केल्या तिला आता बोळाची भीती वाटते. बघून वाईट वाटलं. म्हातारपण वाईट.

संध्याकाळी तिने स्टुलावर चढून खिडकीत कागदाचा तारा लावला. दादा गेल्यापासून आमच्या खिडकीत तारा लागलेला नव्हता. मी स्टूल धरून उभा होतो. ती गुणगुणत होती, चाल ओळखू आली नाही. उतरताना म्हणाली, यंदा नाताळ नीट करायचा. चोवीसला सकाळच्या गाडीने आम्ही तिघं ताईकडे जाणार आहोत, चांगले आठ-दहा दिवस. माझं तेवीसला संपतंय, सगळं जुळून आलंय.

तारा जरा डावीकडे कललाय. तसाच राहू दिला.

१७ डिसेंबर

लघवीला जळजळ. टेक्निशियन मुलगी म्हणते शेवटी शेवटी होतं असं, पाणी पीत राहा. ती इतकी लहान दिसते की पहिल्या दिवशी मी तिला विचारलं होतं, मोठं कोणी आहे का आत. अजून ती त्यावरून चिडवते.

आज बसमधे उभ्याने प्रवास. समोरच्या बाईच्या पिशवीत संत्री होती, तिने एक सोलायला घेतलं आणि सगळ्या बसभर तो वास पसरला. सगळ्यांनी मान वर केली. ही चांगली गोष्ट म्हणून धरावी की नाही कळत नाही. धरतो.

१८ डिसेंबर

मशीन बंद पडलं.

आम्ही सगळे भरलेले, आणि टेक्निशियन मुलगी येऊन म्हणाली, थोडं थांबा. थोड्याचं बरंच झालं. मास्तर डोळे मिटून नद्यांऐवजी वाळवंटांची नावं पुटपुटत होते. शेवटी ती म्हणाली, आज होणार नाही, तुम्ही सगळे मोकळे होऊन या. एकच संडास. मी वयाप्रमाणे क्रम लावू या म्हटलं, तर मास्तर म्हणाले, मग मी सगळ्यांत पुढे, आणि पळाले.

गंमत तिथवर. नंतर कळलं की बुडालेला दिवस शेवटी जोडतात. चोवीस आणि पंचवीसला विभाग बंद. म्हणजे माझं आता तेवीसला संपत नाही, सव्वीसला संपतं. आणि आईचं सामान बांधायला सुरुवात झालीय.

१९ डिसेंबर

मशीन दुरुस्त. मोटरचा आवाज पूर्वीसारखाच. माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

रात्री जेवताना आईला सांगायचं ठरवलं. सबंध रस्ता थाप जुळवत आलो होतो, पण ताटावर बसल्यावर एकही धड आठवेना. म्हटलं, आई, ते कामाचं जरा, सव्वीसपर्यंत म्हणजे, आणि तिथेच अडकलो. आईने वाडग्यात सूप वाढता वाढता म्हटलं, त्या नदीकाठच्या दुकानातली लिफ्ट परत बिघडली असेल. मी म्हटलं, हो, तीच. ती म्हणाली, मधे एक दिवस काम बंद ठेवावं लागलं असेल, मग तो दिवस शेवटी भरून द्यायचा. मी म्हटलं, अगदी तसंच. मी इतकी वर्षं लिफ्टच्या गोष्टी सांगतोय त्याचा हा फायदा, तिला आता धंद्यातलं कळायला लागलंय.

पण तिचा चेहरा पडला. पळी हातात तशीच राहिली. विचारलं, म्हणजे काम अपुरं राहायचं नाही ना. मी म्हटलं, नाही, पुरं होईल. मग म्हणाली, ताईकडे नंतर जाऊ. हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर जाऊन तिने बांधलेलं सामान सोडायला घेतलं. एवढी वर्षं थांबून तिने एक नाताळ मागितला आणि तोही मी तिच्या हातून काढून घेतला.

२० डिसेंबर

विचार करतोय. इतके सगळे दिवस झाले. एक राहिला तर काय बिघडतं?

लिफ्टला सहा दोर असतात, एक तुटला तर पाच पुरतात. तसंच हे असणार.

२१ डिसेंबर

हिच्याशी वाजलं. आई तिच्या खोलीत होती, रेडिओ चालू होता, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतो. मी हिला सांगितलं की सव्वीसला मी जाणार नाही, चोवीसला ठरल्याप्रमाणे ताईकडे निघायचं. ही म्हणाली, वेड लागलंय का तुम्हाला. मी लिफ्टच्या दोरांचं सांगितलं. ही म्हणाली, एक दोर तुटलेली लिफ्ट तुम्ही चालू ठेवाल का. मी चिडलो. म्हटलं, तू तिला त्या खुर्चीत बघितलंयस ना. आज तारा लावतेय, गुणगुणतेय. ती नाराज होऊन परत त्या खुर्चीत जाऊन बसली तर ते रेडिएशन चाटायचंय का मला.

ही रडली. मग म्हणाली, डॉक्टरांना तरी विचारा. मी म्हटलं, विचारलं तर ते नाहीच म्हणणार, मग विचारायचं कशाला. रेडिओवरचं गाणं मधेच कधी बंद झालं कळलं नाही. आईला झोप लागली असेल.

ठरलं. चोवीसला निघायचं. बरोबर करतोय की नाही ठाऊक नाही. भीती वाटते, पण कशाची जास्त वाटते तेवढं ठाऊक आहे.

२२ डिसेंबर

सकाळी चहा घेताना आईला सांगितलं की साहेबांशी बोललो, सव्वीसचं काम दुसरा माणूस करील, आपण जायचं. वाटलं होतं खूश होईल. आई म्हणाली, माझा गुडघा दुखतोय. एवढा गाडीचा प्रवास मला झेपायचा नाही.

मी म्हटलं, त्या दिवशी तर स्टुलावर चढली होतीस. ती म्हणाली, त्यानेच दुखतोय. मी म्हटलं, टॅक्सी करू, स्टेशनवर चाकाची खुर्ची घेऊ, ताई उतरवून घ्यायला येईल. प्रत्येक गोष्टीला नाही. शेवटी म्हणाली, ताईला मी फोन केलाय, तेच इकडे येतील पंचवीसला. आणि हे बघ, दुसऱ्या माणसावर काम टाकू नये. ज्याचं त्याने पुरं करावं.

डोकं फिरलं. माणूस इतका जिवाचा आटापिटा करतो आणि यांचा गुडघा नेमका ऐन वेळी दुखतो. दिवसभर तो गुडघा घेऊन ती घरभर फिरत होती, केकसाठी बेदाणे निवडत होती, खालच्या दुकानातून दोनदा लोणी आणलं. हिला म्हटलं, बघितलंस, म्हाताऱ्या माणसांचं काही सांगता येत नाही. ही माझ्याकडे बघतच राहिली, मग आईच्या खोलीच्या दाराकडे.

आता सव्वीसला न जायला कारणच उरलं नाही.

२५ डिसेंबर

ताई आली, मेहुणे आले. घर भरलं. ताईला यातलं काही ठाऊक नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. केक मधे बसला होता, आईने वरून साखर पेरून तो खड्डा झाकला आणि ताटात वाढताना म्हणाली, वरून काही दिसत नाही ना, झालं तर. सगळे हसले. मेहुण्यांनी तीन तुकडे खाल्ले.

दुपारी जेवणं झाल्यावर सगळे जिथे होते तिथेच पेंगले. ताई सोफ्यावर, मेहुणे खुर्चीत तोंड उघडं टाकून, ही ताईच्या पायांशी. खिडकीजवळच्या त्या खुर्चीत कोणी बसलं नाही, तिच्यावर सगळ्यांचे कोट पडले होते. आई एकटीच जागी, बशा पुसत होती. मी आडवा पडून तिच्याकडे बघत होतो. फार चांगलं वाटलं. का ते सांगता येत नाही. इतकी माणसं एका खोलीत श्वास घेत होती आणि त्यात मीही होतो.

२६ डिसेंबर

हे जसं घडलं तसं लिहितो.

दुपारी निघायच्या वेळी बोळात आलो तर आई कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून दाराशी उभी. मला वाटलं खाली दुकानात निघालीय. म्हटलं, काय आणायचंय ते सांग, येताना आणतो. ती म्हणाली, "काही आणायचं नाही. मी येतेय तुझ्याबरोबर. तीन ग्लास पाणी तिथे गेल्यावर पितोस की इथूनच पिऊन निघतोस?"

थाप मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच मिटलं. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी हिच्याकडे पाहिलं. हिने मान हलवली, मी नाही सांगितलं. ते खरं होतं, हिचेही डोळे तेवढेच विस्फारलेले होते.

म्हटलं, तिथे गेल्यावर.

बसमधे आम्ही शेजारी बसलो. हॉस्पिटलात ती बाकावर मास्तरांच्या शेजारी बसली. त्यांना तिने विचारलं, तुमचं कधी संपतंय. मास्तर अदबीने उठायला गेले आणि त्या अवस्थेत उठवेना, म्हणून तसेच वाकून म्हणाले, पुढच्या आठवड्यात. मी रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे ग्लास भरले. थोडं सांडलं. शेवटचं म्हणून टेबलावर काही वेगळं वाटलं नाही. मशीन फिरलं, थांबलं. टेक्निशियन मुलगी म्हणाली, आता परत येऊ नका. मान हलवून निघालो.

परतीच्या बसमधे मी विचारलं, कधीपासून ठाऊक आहे.

आई म्हणाली, "पहिल्या बनियनपासून. नोव्हेंबरातच. ती जांभळी शाई मी नोकरीत कितीतरी वर्षं धुतलीय. कपड्यावरून साबणाने नाही निघत ती. सूनबाई बिचारी घासून घासून भोक पाडेल म्हणून तिने वाळत घातलेलं मी काढून परत धुवायचे. पाणी, पथ्य, बुडालेला दिवस, ते सगळं दादाच्या वेळी बसल्या जागी ऐकलेलं होतं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस.

ती बाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "दादाच्या वेळी तुम्ही मला सांगितलंत आणि त्या खुर्चीत नेऊन बसवलंत. आई, तू बस. आई, तू काही करू नकोस. त्याचे कपडे धुवायला घेतले, तर ते हातातून काढून घेतलेत. पथ्याचं करायला गेले, तर नर्स ठेवलीय म्हणालात. मग मी बसले. दुसरं काय करणार? या वेळी मला कोणी काही सांगितलं नाही, म्हणून कोणी बसवलंही नाही. मला काम करता आलं."

ते खरं होतं. नर्स मीच ठेवली होती. कपडे तिच्या हातातून काढून घेतले ते मीच. इतकी वर्षं मी समजत होतो की दुःखाने ती उठत नव्हती.

मी विचारलं, तुला भीती नाही वाटली. ती म्हणाली, "रोज वाटायची. पण रोज धुणंही असायचं."

मला रडू आलं. बसमधे, भर माणसांत. आईने रुमाल सोडून हातात दिला आणि पुढच्या सीटवरच्या बाईला म्हणाली, त्याला सर्दी झालीय. मला रडता रडता हसू आलं. म्हणजे थाप मारायची कला माझ्याकडे आली ती कोणाकडून ते कळलं.

घरी आलो. ताई-मेहुणे फिरायला गेले होते. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, पहिल्या तपासणीत काय निघालं होतं, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतील, आकडा खाली आला तर बरं, नाही आला तर पुढे काय काय करावं लागेल. दादासारखं होऊ शकतं का, तेही सांगितलं. होऊ शकतं. डॉक्टरांना वाटत नाही, पण होऊ शकतं. हे वाक्य मी अजून हिच्यासमोरही बोललो नव्हतो.

आई उभी होती. मला वाटलं तिला बसायला काहीतरी द्यावं, म्हणून स्टूल ओढायला वाकलो आणि मग ते होतं तिथेच राहू दिलं. तिने मधे दोन प्रश्न विचारले, दोन्ही सरळ. मग म्हणाली, बनियन काढ, शेवटची शाई आहे, वाळायच्या आत धुवायला हवी. मी काढून तिच्या हातात दिलं. ती नळाखाली ते चोळत होती आणि मी उघड्या अंगाने, कंबरेवरच्या खुणांसकट, तिच्याशेजारी उभा राहून उरलेलं सांगत होतो.